'टेन्शन घेऊ नका' हा उपचार नव्हे

उच्च रक्तदाब असलेल्या वृद्धांमधली चिंता हा दोन आजारांच्या सीमेवरचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो कोणाच्याच वाट्याला येत नाही. रक्तदाब तपासणारा डॉक्टर चिंतेला स्वभाव समजतो, घरचे तिला वयाचा भाग समजतात, आणि रुग्ण स्वतः तिला बीपीचेच लक्षण समजतो. तिन्ही समजुतींतून सल्ला मात्र एकच निघतो: टेन्शन घेऊ नका.

या सल्ल्यामागचे गृहीतक असे की मनावर ताण आला की बीपी चढते, ताण गेला की उतरते. ते सपशेल खोटे नाही, पण उथळ आहे. वृद्धांची चिंता रक्तदाबाच्या मागून येते, असेही पुष्कळदा घडते. निदान, मोजमाप, औषधे, सोबतचे इतर आजार या प्रत्येकातून ती उपजू शकते, आणि आयुष्यातली खरी काळजी तिच्यात भर घालते. म्हणून ती वेगळी ओळखली पाहिजे आणि तिच्यावर वेगळा उपचार झाला पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. उदाहरणादाखल रायगड जिल्ह्यातला उरण तालुका घेतला आहे. शेती, मिठागरे आणि मासेमारीवर वाढलेली तिथली पिढी आता साठी-सत्तरीपलीकडे पोहोचली आहे आणि तिच्या म्हातारपणात हे सगळे धागे एकत्र आले आहेत.

१. उसळी आणि पातळी

हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीची भिंत तरुणपणी लवचीक असते. प्रत्येक ठोक्याबरोबर ती फुगते, रक्ताचा धक्का झेलते आणि मग सावकाश आकसते. वय वाढते तशी ती जुन्या रबरी नळीसारखी ताठ होत जाते. मग तेवढ्याच रक्ताचा धक्का जास्त दाब निर्माण करतो. वरचा आकडा चढतो, खालचा तसाच राहतो किंवा थोडा उतरतोही. 'वरचं वाढलंय, खालचं बरोबर आहे' हे वाक्य वृद्धांच्या तपासणीत इतक्यांदा ऐकू येते त्याचे कारण हे आहे. शिवाय मानेतल्या रोहिणीजवळ आणि महारोहिणीत दाबाचे चढउतार सावरणारी एक प्रतिक्षिप्त यंत्रणा असते, तीही वयानुसार मंदावते. त्यामुळे भीतीने अॅड्रेनॅलिन वाढले की तरुणात लवकर निवणारी उसळी वृद्धात उंच जाते आणि रेंगाळते.

पण उसळी वेगळी आणि पातळी वेगळी. उसळी मिनिटांत किंवा तासांत ओसरते. दिवसरात्र, महिनोन्‌महिने टिकणारी पातळी ठरवतात ती मूत्रपिंडे, खाण्यातले मीठ, वजन, आनुवंशिकता आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणा. दीर्घकाळच्या चिंतेचाही त्यात काही वाटा असतो. चिंताग्रस्तांमध्ये पुढे उच्च रक्तदाब अधिक आढळतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तरीही चिंता हे अनेक कारणांपैकी एक आहे, सूत्रधार नव्हे.

हा भेद न कळण्याची किंमत मोठी असते. बीपी म्हणजे टेन्शन हे एकदा मनात बसले की टेन्शन नसताना गोळी कशाला, हा प्रश्न ओघानेच येतो. मुलीचे लग्न पार पडले, कोर्टातली तारीख संपली, मन शांत आहे, म्हणून गोळ्या बंद करणारे वृद्ध थोडे नाहीत. पातळी मात्र तिथेच असते, कारण ती कोणाच्या मनःस्थितीला विचारून ठरलेली नसते. गोळ्यांचा फायदा तर म्हातारपणीही पक्का आहे. साठीपुढच्या ४,७३६ जणांवर झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'शेप' या अमेरिकी चाचणीत साध्या, स्वस्त औषधाने पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. २००८ साली 'हायव्हेट' चाचणीने ऐंशीपुढच्यांतही मृत्यू कमी होतात हे दाखवले. चिंतेचा विचार करताना ही गोळी हातची सुटता कामा नये.

२. मोजण्याचा प्रसंग

आकडा कसा जन्माला येतो हे जवळून पाहण्यासारखे आहे. चिरनेर किंवा करंजाहून निघालेली सत्तरीची बाई सहा आसनी रिक्षाने उरणला उतरते, केसपेपरच्या रांगेत उभी राहते, मग ओपीडीच्या रांगेत. सकाळी मशेरी लावलेली असते, चहा झालेला असतो, लघवीला जायचे राहिलेले असते. नंबर आला की स्टुलावर बसता बसता पट्टा बांधला जातो, बहुधा ब्लाउजच्या घट्ट बाहीवरूनच. पट्टा फुगत असतानाच प्रश्न सुरू होतात: 'आजी, गोळ्या घेता ना रोज?' आजी उत्तर देत असते, हात लोंबकळत असतो, पाठीला टेकू नसतो. यातली प्रत्येक गोष्ट आकडा वाढवणारी आहे. तंबाखूतले निकोटिन वाढवते, भरलेले मूत्राशय वाढवते, बोलणे वाढवते, खाली लोंबणारा हातही वाढवतो. त्यावर १७० आला की वाक्य तयारच असते: 'टेन्शन घेता वाटतं फार.'

डॉक्टर समोर येण्याचाही परिणाम असतो. १९८३ साली जुझेप्पे मान्चिया आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी रोहिणीत नळी ठेवून सतत दाब नोंदवला. डॉक्टर खाटेजवळ आल्यावर पहिल्या काही मिनिटांत वरचा दाब सरासरी २७ आणि खालचा १५ अंकांनी चढला. याला पुढे पांढऱ्या कोटाचा रक्तदाब असे नाव पडले. त्याच्या उलटही घडते. दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त असा छुपा रक्तदाब असतो, आणि तो अधिक धोक्याचा, कारण तो निसटतो. म्हणजे एका मोजमापावरून ना रक्तदाब ठरतो, ना चिंता.

योग्य पद्धत अवघड नाही. तंबाखू-चहा अर्धा तास आधी बंद, लघवी करून येणे, पाठ टेकून आणि पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसणे, उघड्या दंडावर योग्य मापाचा पट्टा, दंड हृदयाच्या पातळीवर, तोंड बंद, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन नोंदी. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ ही सर्वसाधारण सीमा धरली जाते. गर्दीच्या ओपीडीत प्रत्येकासाठी पाच मिनिटे कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. पण बसून राहण्यासाठी डॉक्टरची गरज नसते, बाकाची असते, आणि रांगेतला वेळ रुग्णाकडे असतोच.

मुलाने ऑनलाइन मागवून दिलेल्या घरच्या यंत्राने प्रश्न अर्धा सुटतो आणि अर्धा नव्याने उभा राहतो. सोबतच्या वहीत रात्री २ वाजता १६८, सव्वादोनला १७६, अडीचला १८४ अशा नोंदी दिसल्या, तर तो रक्तदाबाचा आलेख मानू नये. तो भीतीचा आलेख आहे. जाग आली, धडधडले, मोजले, आकड्याने घाबरवले, पुन्हा मोजले. यंत्र इथे तपासनीस उरत नाही, ते आजाराचे साधन बनते. मग शेजारचे कोणी जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायला सांगते. अशा कॅप्सूलने दाब झपकन कोसळतो आणि मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. ही प्रथा थांबवावी असे अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९९६ सालीच बजावले गेले होते. छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे बोबडे होणे यांपैकी काहीही असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. यांपैकी काही नसेल, तर नुसता मोठा आकडा घाईने खाली आणण्यात धोकाच अधिक असतो.

३. निदानाची सावली

कॅनडातल्या हॅमिल्टन येथील पोलाद कामगारांची १९७० च्या दशकात तपासणी झाली. त्याआधी ज्यांना स्वतःचा रक्तदाब ठाऊक नव्हता, त्यांना तो सांगितल्यावर त्यांच्या आजारपणाच्या रजा लक्षणीय वाढल्या. औषध सुरू केले होते की नाही, याने फरक पडला नाही. १९७८ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास धडधाकट कामगारांचा होता. त्यांच्या बाबतीत जे नुसत्या शिक्क्याने झाले, ते सत्तरीच्या माणसात किती खोल जात असेल!

आपल्याकडे हा शिक्का एकटा येत नाही. आळीतल्या कोणाला तरी झालेला पॅरालिसिस डोळ्यांसमोर असतो, आणि बीपी म्हणजे उद्याचा पॅरालिसिस हे समीकरण निदानाच्या क्षणीच पक्के होते. मग बाजारात एकटे जाणे बंद होते, मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच नको वाटते, देवळाच्या पायऱ्या नको वाटतात. यात सावधगिरी कमी आणि टाळाटाळ जास्त असते, आणि टाळलेली प्रत्येक गोष्ट पुढच्या वेळी अधिक भीतिदायक होते. चालणे थांबल्याने रक्तदाबाचेही नुकसान होते ते वेगळेच.

घरच्यांचे प्रेमही इथे आडवे येते. 'आईला सांगू नका, बीपी वाढेल' हा आपल्या कुटुंबांतला सर्वमान्य कायदा आहे. भावाचे ऑपरेशन, नातवाची गेलेली नोकरी, कधीकधी माहेरच्या माणसाचे मरणसुद्धा तिच्यापासून लपवले जाते. ज्या बाईने पन्नास वर्षे घर चालवले, तिला दाराआडची कुजबुज कळत नाही असे समजणे हा तिच्या बुद्धीचा अपमान आहे. बातमी कळत नाही, पण काहीतरी लपवले जात आहे हे कळते, आणि मग मन सगळ्या वाईट शक्यता स्वतःच रचून पाहते. वाईट बातमीने चढलेला दाब काही काळाने उतरतो. सततच्या संशयाला मात्र उतार नसतो. बातमी शांतपणे, जवळ बसून, पूर्ण सांगणे हे दोन्ही बाजूंनी हिताचे.

४. धडधड कशाची?

चिंतेची शारीरिक लक्षणे म्हणजे धडधड, घाम, कंप, चक्कर, छातीत दडपण, झोप न लागणे. वृद्धांमध्ये नेमकी हीच लक्षणे इतर अनेक कारणांनी येतात, आणि गल्लत दोन्ही दिशांना होते.

सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, अर्थात हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेशिस्त थरथर. दीर्घकाळचा उच्च रक्तदाब हे त्याचे मोठे कारण, आणि त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. अशा रुग्णाला 'आजी, मनाला लावून घेऊ नका' म्हणून परत पाठवणे ही घोडचूक ठरते. मनगटावरची नाडी मिनिटभर बोटांनी पाहिली तर ठोक्यांची अनियमितता बहुधा कळते, ईसीजीने खात्री होते. अशा नाडीत घरचे स्वयंचलित यंत्र दर वेळी वेगळा आकडा देते, त्यामुळे घबराट आणखी वाढते. याखेरीज थायरॉइडची अतिक्रियता, रक्तक्षय, मधुमेहाच्या गोळ्यांनी उतरलेली साखर आणि झोपेत श्वास अडकण्याचा आजार हीही तपासण्याजोगी कारणे आहेत.

औषधांचा वाटाही मोठा आहे. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिन गोळीने चेहरा तापतो, पायांवर सूज येते, आणि रुग्णाला वाटते की हार्ट कामातून गेले. लघवीच्या गोळ्या संध्याकाळी घेतल्या तर रात्रीची झोप मोडते. त्यांनी रक्तातले सोडियम घटले तर वृद्ध माणूस गोंधळतो, बेचैन होतो. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्यांनी उभे राहताच दाब उतरून घेरी येते. हृदयाची गती मंदावणारे बीटा ब्लॉकर अचानक सोडले की धडधड उसळते. सांधेदुखीची गोळी आणि सर्दीवरची नाक मोकळे करणारी गोळी दोन्ही दाब वाढवतात, आणि दोन्ही मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळतात. म्हणून बसून मोजल्यावर उभे करून तीन मिनिटांत पुन्हा मोजणे आवश्यक आहे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ती चक्कर मनाची नव्हे.

दुसऱ्या दिशेची गल्लतही तेवढीच नेहमीची. डोके दुखले की बीपी वाढले असणार, असे धरून चालतात. प्रत्यक्षात नेहमीचा उच्च रक्तदाब बहुतेकांना जाणवतही नाही. डोकेदुखी आणि घाबरेपणाने आकडा चढलेला असतो, आणि दोष मात्र आकड्याला लागतो. मग चिंता तशीच राहते आणि रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्या वाढत जातात.

५. काळजी खरी असते तेव्हा

चिंता हा मनाचा खेळ आहे असे म्हणणाऱ्याने उरणचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास पाहावा. नवी मुंबई उभारणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. त्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या ९५ गावांच्या जमिनींचे संपादन झाले. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. तेव्हा पंचविशीत असलेला माणूस आज साठीपुढे आहे. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. त्यासाठी विस्थापित झालेल्या शेवा कोळीवाड्याच्या नव्या वसाहतीतली घरे वाळवीने पोखरली आणि पुनर्वसनाचा लढा पुढच्या पिढीकडे गेला. संपादित जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडांची वाट पाहण्यात अनेकांचे उतारवय गेले. ३ सप्टेंबर २०१९ रोजी ओएनजीसीच्या उरण प्रकल्पातल्या आगीत चार जणांचा बळी गेला. बंदराच्या रस्त्यावर कंटेनर ट्रेलरांच्या रांगांतून मुलगा दुचाकीवर कामाला जातो, तो परत येईपर्यंत आईचे लक्ष दाराकडे असते.

या बाईला निराधार भीती वाटते असे कोण म्हणेल? तिच्या काळजीला पत्ता आहे, सर्व्हे नंबर आहे. तिला श्वासाचे व्यायाम शिकवणे चांगले, पण मोबदल्याचा निकाल लागणे त्याहून चांगले. आरोग्याचा प्रश्न महसूल खात्याच्या फायलीत अडकलेला असू शकतो, हे वैद्यकाने मान्य करायला हरकत नाही.

मात्र याचे दुसरे टोकही टाळायला हवे. जमीन गेलेल्या प्रत्येकाला चिंताविकार झालेला नाही, आणि काहीही न गमावलेल्यांना तो होतो. परिस्थिती हे कारण असले तरी आजार झाल्यावर तो आजारच असतो, आणि भूखंडाचा ताबा मिळाल्यावर तो आपोआप जाईलच असे नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की सत्तरीत काळजी करायची नाही तर कधी? वृद्धाची काळजी स्वाभाविक आहे, तिला आजाराचे नाव कशाला? उत्तर असे की रेषा तीव्रतेने आणि परिणामाने ठरते. सहा महिन्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी असेल, झोप-भूक बिघडली असेल, आणि माणसाने नेहमीची कामे व माणसे सोडायला सुरुवात केली असेल, तर तो आजार आहे. वयाच्या नावाखाली गुडघेदुखीवर उपचार नाकारले जात नाहीत, मग चिंतेवरचेच का नाकारायचे?

दुसरा आक्षेप: आकडा सांगितल्याने घबराट होते, तर सांगूच नये. हा उपाय लपवाछपवीच्या त्याच जुन्या वाटेने जातो. आकडा सांगावा, पण अर्थासह. 'तुमचा दाब जास्त आहे, तो गोळीने आटोक्यात येतो, आणि आला की पॅरालिसिसचा धोका बराच कमी होतो' हे सांगायला अर्धे मिनिट लागते, आणि ते शास्त्राला धरून आहे.

तिसरा: तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणायचे? पहिल्या टप्प्यावर त्यांची गरज नाही. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस बेचैन, अस्वस्थ वाटले आणि किती दिवस काळजी थांबवता आली नाही, हे दोन प्रश्न परिचारिकाही विचारू शकते. जगभर प्राथमिक चाळणीसाठी ते वापरले जातात. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे आरंभीच सामील झाले होते. ठरलेली औषधयोजना, प्रत्येक रुग्णाचे कार्ड, न येणाऱ्यांचा पाठपुरावा आणि परिचारिकांचा सहभाग ही त्याची रीत आहे. त्याच कार्डावर हे दोन प्रश्न छापायला फारसा खर्च नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: चिंतेवर उपचार करून रक्तदाब फारसा उतरतो का? प्रामाणिक उत्तर असे की उतार माफक असतो. मिनिटाला सहाच्या आसपास सावकाश श्वास घेण्याचा सराव थोड्या अंकांनी दाब कमी करतो, तो गोळीची जागा घेत नाही. पण आक्षेपाचा पायाच चुकलेला आहे. चिंतेवर उपचार रक्तदाबासाठी करायचा नसतो, ती स्वतः दुःख देते म्हणून करायचा असतो.

उपचाराचा क्रम

आधी मोजमाप सुधारावे. सात दिवस, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन नोंदी घ्याव्यात, पहिला दिवस वगळून सरासरी काढावी, मग डॉक्टर सांगेपर्यंत यंत्र कपाटात ठेवावे. नाडी, उभ्याने दाब, ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम आणि सगळ्या गोळ्यांची पिशवी हे एकदा नीट तपासावे. मिठाचा सल्ला घरच्या जेवणाला धरून द्यावा. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि सुक्या मासळीवर भागवले जाते, तेव्हा 'मीठ बंद' हे वाक्य निरर्थक ठरते. उन्हात वाळवलेले बोंबील आणि मिठात खारवलेला बांगडा यांतले मीठ सारखे नसते, हे सांगितले तर निवड करता येते. पापड-लोणचे आणि मशेरीबद्दलही मोघम न बोलता तपशिलात बोलावे.

चिंताविकार पक्का झाला तर विचार आणि वर्तनावर काम करणारी संवादचिकित्सा वृद्धांमध्येही उपयोगी पडते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, १३४ ज्येष्ठांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात त्यांतल्या एका गटाला ती प्राथमिक दवाखान्यांतच दिली गेली आणि त्या गटाची काळजी दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली. औषध लागले तर एसएसआरआय या नैराश्य-चिंतेवरच्या औषधांच्या वर्गातले, कमी मात्रेपासून, सोडियमवर लक्ष ठेवून द्यावे. व्हेन्लाफॅक्सिनसारख्या औषधाने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून ते जपून वापरावे. सर्रास दिली जाणारी अल्प्राझोलामची गोळी मात्र वृद्धांसाठी शक्यतो नको. पहिल्या रात्री ती झोप देते आणि पुढे तोल, स्मृती आणि सवय या तिन्हींवर वसुली करते. रात्री लघवीला उठताना पडून खुबा मोडणे ही तिची नेहमीची परिणती. ती १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे विक्रेत्याने तिची वेगळी नोंद ठेवणे बंधनकारक आहे. जे आधीपासून ती घेत आहेत त्यांनी एकदम बंद करू नये, डॉक्टरच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावी.

ज्यांच्या आसपास कोणी तज्ज्ञ नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास चालू, मोफत, आणि मराठीत बोलता येते.